म्हातारपण, शरीराची राखण आणि कर्करोग

आपल्याकडे म्हातारपणाच्या खात्यावर पुष्कळ दुखणी जमा होतात. गुडघा धरला, म्हातारपण. जेवण कमी झाले, म्हातारपण. तोंडातली जखम दोन महिने भरली नाही, आजीची पाळी जाऊन पंधरा वर्षे झाली असता पुन्हा रक्त दिसले, आजोबांच्या शौचावाटे रक्त पडले, तरी घरात शब्द एकच: "आता वय झालं, चालायचंच." आज मी आपल्याशी बोलणार आहे ते याच 'चालायचंच'विषयी. कारण यांतली काही लक्षणे कर्करोगाची असू शकतात, आणि कर्करोगाचा व म्हातारपणाचा संबंध आपण समजतो त्याहून निराळा आहे.

कर्करोग लहान मुलांनाही होतो, तरुणांनाही होतो. आपल्याकडे तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग तर भर चाळिशीत गाठतो. तरीपण एकंदर हिशेब मांडला तर वय वाढेल तसा हा रोग वाढत जातो. अमेरिकेत या रोगाचे निम्म्याहून अधिक रोगी निदानाच्या वेळी पासष्टीच्या पुढचे असतात. असे का व्हावे? याची दोन कारणे आहेत. पहिले फार दिवसांपासून ठाऊक आहे. दुसरे अलीकडच्या काळात उलगडू लागले आहे.

पहिले कारण आधी पाहू. आपले शरीर सुमारे ३० लाख कोटी पेशींचे बनले आहे. जुन्या पेशी झिजतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. पेशीचे दोन भाग होताना तिच्यातल्या सगळ्या आज्ञापत्राची नक्कल उतरवावी लागते. पूर्वी गावचा तलाठी सातबाराचा उतारा हाताने लिहून देई. शंभर उतारे लिहिले की एखाद्यात काना-मात्रा चुकायचीच. पेशींचेही तसेच. पुष्कळशा चुका तिथल्या तिथे दुरुस्त होतात, पण काही राहून जातात. तंबाखू, विडीचा धूर, कडक ऊन, काही विषाणू यांच्यामुळे त्या आणखी वाढतात. वर्षानुवर्षे अशा चुका साचल्या आणि त्यांतल्या काही नेमक्या वाढीच्या आज्ञेतच पडल्या, म्हणजे ती पेशी कोणाचे ऐकेनाशी होते. तिची गाठ बनते, आणि पुढे ती आसपास व दूरवर पसरते. जितके आयुष्य जास्त, तितक्या नकला जास्त, तितक्या चुका जास्त. हा हिशेब सरळ आहे.

पण एवढ्यानेच सगळे उलगडत नाही. बिघडलेल्या पेशी आपणा सर्वांच्या अंगात निर्माण होत असतात. मग प्रत्येकाला कर्करोग का होत नाही? कारण शरीरात राखण आहे.

जोंधळा हुरड्यावर आला की शेतकरी माळ्यावर बसतो, रात्री जागल करतो. शरीरातही असे जागले रात्रंदिवस फिरत असतात. त्या म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्यांपैकी दोन जातींची नावे ध्यानात ठेवू. एक, नैसर्गिक मारक पेशी. यांना शिकवावे लागत नाही. एखादी पेशी आपली नेहमीची ओळख दाखवीत नसेल, तर या तिच्यावर चाल करतात. दुसरी जात टी पेशींची. यांचे काम अधिक बारकाईचे. आपल्या प्रत्येक पेशीच्या आत जे काही चालले असते, त्याचे नमुने ती आपल्या अंगावर मांडून ठेवते. टी पेशी ते नमुने तपासत जाते. विषाणूचा किंवा बिघडलेल्या आज्ञेचा नमुना दिसला, की त्या पेशीचा निकाल लागतो. काम मात्र अवघड असते. परका जंतू चटकन ओळखू येतो. कर्करोगाची पेशी आपल्याच घरची. गव्हात गव्हासारखेच दिसणारे तण उगवावे, त्यातली गत.

ही राखण कर्करोगालाही आवरते, हा विचार १९५० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट आणि अमेरिकेचे लुईस टॉमस यांनी मांडला. पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञांना तो पटत नव्हता. मग एकेक पुरावा पुढे आला. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवलेल्या रोग्यांना, शरीराने ते झिडकारू नये म्हणून, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सतत घ्यावी लागतात. अशा रोग्यांमध्ये त्वचेचे आणि इतर काही कर्करोग इतरांपेक्षा कितीतरी पट अधिक आढळले. १९८१ साली न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात तरुण पुरुषांना कापोसी नावाचा दुर्मिळ कर्करोग होऊ लागला. तीच पुढे एड्स रोगाच्या पहिल्या खुणांपैकी एक ठरली. एड्समध्ये टी पेशीच मारल्या जातात. मग २००१ साली अमेरिकेतील रॉबर्ट श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की राखणदार पेशी नसलेल्या उंदरांना कर्करोग अधिक होतात. तेव्हापासून या विचाराला भक्कम पाया मिळाला.

आता मुद्दा असा, की शेताबरोबर जागल्याही म्हातारा होतो.

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या थोडे वर, एक मऊ ग्रंथी असते. इंग्रजीत तिला थायमस म्हणतात. मराठीत तिचे नाव यौवनलोपी ग्रंथी. तारुण्याबरोबर लोप पावणारी, असा त्याचा अर्थ. शिक्षक बंधुभगिनींनी हे नाव मुलांना जरूर सांगावे, कारण नावातच तिची हकीकत आहे. १९६१ पर्यंत या ग्रंथीचा उपयोग कोणालाच ठाऊक नव्हता. त्या वर्षी लंडनमध्ये जॅक मिलर या तरुण संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढून पाहिली. ती पिल्ले रोगांना तोंड देऊ शकली नाहीत, परक्या कातडीचे कलमही त्यांच्या अंगाने झिडकारले नाही. तेव्हा कळले, की ही ग्रंथी म्हणजे टी पेशींची शाळा आहे. शाळा मोठी कडक. हाडांच्या मगजातून आलेल्या कच्च्या पेशी इथे येतात. ज्यांना काही ओळखता येत नाही त्या बाद. ज्या आपल्याच निरोगी पेशींवर धावून जातात त्याही बाद. शंभरांतून मोजक्याच उत्तीर्ण होऊन बाहेर पडतात.

ही शाळा लहानपणी भरभराटीत असते. मूल वयात आले की ती झपाट्याने आटू लागते, आणि पन्नाशी-साठीला तिच्या जागी बहुतेक चरबीच उरते. नव्या टी पेशींचा पुरवठा सुमारे दर १६ वर्षांनी निम्मा होतो, असा अंदाज आहे. म्हणजे विसाव्या वर्षी १०० पेशी निघत असतील, तर छत्तिसाव्या वर्षी ५०, बावन्नाव्या वर्षी २५ आणि अडुसष्टाव्या वर्षी अवघ्या १२-१३. २०१८ साली स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी हे गणित कर्करोगाच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिले. पुष्कळशा कर्करोगांचा धोका वयाबरोबर जसा चढतो, त्याचा चढ या पुरवठ्याच्या उताराशी बराच जुळला. पुरुषांत हा पुरवठा बायकांपेक्षा किंचित लवकर आटतो, आणि कर्करोगही पुरुषांत अधिक आढळतो. तेही या हिशेबात बसले. अर्थात दोन गोष्टी बरोबरीने चालल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे सिद्ध होत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडू शकते.

म्हणून २०२३ साली अमेरिकेत बॉस्टनहून प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा. छातीच्या काही शस्त्रक्रियांत ही ग्रंथी काढावी लागते. असे ११४६ प्रौढ रोगी, आणि तशीच शस्त्रक्रिया होऊनही ग्रंथी शाबूत राहिलेले तितकेच रोगी, यांची तुलना केली. पाच वर्षांत ग्रंथी गेलेल्यांपैकी शेकडा ७.४ जणांना कर्करोग झाला, ग्रंथी असलेल्यांपैकी शेकडा ३.७ जणांना. मृत्यूचे प्रमाणही पहिल्या गटात अधिक होते. म्हणजे प्रौढ वयात ही ग्रंथी निकामी असते, असे जे मानले जाई ते खरे नव्हे. आटलेल्या विहिरीचा झराही कामाचा असतो. कोणाला खऱ्याच गरजेपोटी ती काढण्याचा सल्ला मिळाला असेल, तर त्यांनी मात्र हे ऐकून घाबरू नये. तिथे न काढण्याचा धोकाही असतो. तो डॉक्टरांनाच विचारावा.

पुरवठा आटला तरी जुने राखणदार असतातच की, असे कोणी म्हणेल. असतात. पण त्यांतले पुष्कळ जुन्या लढायांत गुंतलेले आणि दमलेले असतात. नव्या चोराचा चेहरा त्यांना ठाऊक नसतो. याचे उदाहरण आपल्या घरातच आहे. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या तरी तो विषाणू नसांच्या मुळाशी दडून राहतो. टी पेशी त्याला दाबून ठेवतात. उतारवयात त्यांचा वचक कमी झाला, की तोच विषाणू नागीण होऊन उठतो. नागीण झाली म्हणजे कर्करोग होणार असे मुळीच नाही. पण राखण ढिली पडते म्हणजे काय होते, ते त्यावरून कळते.

आणखी एक गोष्ट अशी घडते, जी पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटेल. म्हातारपणी एकीकडे राखण कमी होते, आणि दुसरीकडे अंगात एक प्रकारची धुमसती आग राहते. झिजलेल्या काही पेशी मरत नाहीत, वाढतही नाहीत. नुसत्या बसून राहतात आणि दाह निर्माण करणारे रस सोडतात. अंगावरची चरबी, हिरड्यांचे जुने दुखणे, तंबाखू, धूर यांनी त्यात भर पडते. शेकोटी विझली असे वाटते, पण राखेखाली निखारे असतात, तसे हे. इटलीचे क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली या म्हातारपणीच्या दाहाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. जखम भरायला थोडा वेळ दाह हवाच. पण वर्षानुवर्षे धुमसणारा दाह शेजारच्या पेशींना वाढीचे इशारे देतो, गाठीला रक्तवाहिन्या मिळवून देतो, आणि खऱ्या राखणदारांना गोंधळात टाकतो. म्हणजे बघा, जागल्या पेंगतोय आणि वर शेताच्या बांधावर धूर झालाय. चोराला आणखी काय पाहिजे?

यावरून एक इशारा द्यावासा वाटतो. बाजारात, एस.टी. स्टँडवर आणि आता मोबाईलवरही 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' चूर्णे आणि काढे मिळतात. वर सांगितले ते ध्यानात घेतले, तर हा प्रश्न डबाभर चुर्णाने सुटणारा नाही हे कळेल. कमी पडलेली टी पेशींची शाळा त्याने उघडत नाही. गाठ असलेला माणूस असल्या औषधावर चार-सहा महिने घालवतो, तेव्हा पैशापेक्षा वेळ जास्त खर्ची पडतो, आणि तो वेळ परत मिळत नाही.

मग म्हाताऱ्या माणसाने आशाच सोडावी काय? मुळीच नाही. पेंगलेल्या राखणदाराला जागे करता येते, हे वैद्यकाने दाखवून दिले आहे. लहान मुलाच्या दंडावर क्षयाविरुद्ध बी.सी.जी.ची लस टोचतात, ती आपणा सर्वांना ठाऊक आहे. १९७६ साली कॅनडाचे डॉक्टर अल्व्हारो मोरालेस यांनी हीच लस मूत्राशयाच्या कर्करोगावर वापरून पाहिली. मूत्राशयात ती सोडली, की तिथली प्रतिकारशक्ती खवळून उठते आणि वरवरच्या थरातला कर्करोग परत येण्याला आळा बसतो. हा उपचार आजही चालू आहे. आणि हा कर्करोग तर मुख्यतः म्हातारपणचाच.

पुढे आणखी एक शोध लागला. टी पेशींना निसर्गाने लगाम लावलेला असतो, नाहीतर त्या आपल्याच अंगावर उठतील. कर्करोगाच्या पेशी हा लगाम ओढून धरतात. अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकु होंजो यांनी तो सैल करण्याची वाट दाखवली; त्यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की लगाम सैल करणाऱ्या एका औषधाचा उपयोग साठीच्या पुढच्या रोग्यांना तरुणांपेक्षा अधिक झाला. सगळ्या कर्करोगांत असे होते असे नाही. ही औषधे महाग आहेत आणि त्यांचे त्रासही आहेत. आपल्या मुंबईतही आय.आय.टी. आणि टाटा रुग्णालय यांनी मिळून रोग्याच्याच टी पेशी बाहेर काढून, त्यांना नवी ओळख शिकवून परत सोडण्याचा उपचार तयार केला. रक्ताच्या काही कर्करोगांसाठी त्याला २०२३ साली मान्यता मिळाली. हे सांगण्याचा हेतू इतकाच, की "वय झालं, आता उपचार कशाला?" हे वाक्य तपासणीच्या आधी उच्चारू नये. काही वेळा फार वृद्ध माणसात गाठ इतकी सावकाश वाढते, की डॉक्टर स्वतःच म्हणतात, नुसते लक्ष ठेवू. पण तो निर्णय तपासल्यावर घ्यायचा असतो. काय करायचे ते त्या माणसाच्या हृदयाकडे, मूत्रपिंडांकडे, एकंदर ताकदीकडे आणि त्याच्या स्वतःच्या इच्छेकडे बघून ठरते. जन्मसालाकडे बघून नव्हे.

वेळेवर पाहण्याने काय साधते, याचा पुरावाही आपल्याच राज्यातला आहे. १९९८ साली टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या स्त्रियांचे स्तन शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत. यंत्र नाही, सुई नाही. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. पण पन्नास आणि त्यापुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू शेकडा तीसच्या आसपास कमी झाले. म्हणजे ज्यांना आपण 'आता काय पाहायचंय' म्हणून सोडून देतो, त्यांनाच पाहण्याचा सर्वांत जास्त लाभ झाला.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांबाबत काय पाहावे ते सांगतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम. स्तनात किंवा मानेत गाठ. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, मग ते एकदाच का असेना. शौचावाटे किंवा लघवीवाटे रक्त. गिळताना अडकणे. तीन आठवड्यांवर टिकलेला घोगरेपणा किंवा खोकला. काही कारण नसता वजन उतरणे. यांपैकी बहुतेक वेळा कारण साधेच निघते. पण ते डॉक्टरांनी सांगावे, आपण ठरवू नये. तीस वर्षांवरील लोकांचे तोंड, आणि स्त्रियांचे स्तन व गर्भाशयाचे मुख, यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून करण्याची योजना आहे. गावच्या आशाताईंना विचारले तर त्या वाट दाखवतील. आजी लाजेने सांगत नाही, हे सुनांनी आणि लेकींनी ओळखावे. "सासूबाई, काही त्रास आहे का?" एवढे एकांतात विचारले, तरी पुष्कळदा गाठ वेळेवर उघडकीस येते.

राखण टिकवण्यासाठी काय करावे, हा शेवटचा प्रश्न. तंबाखू आणि मशेरी सोडणे हे पहिले. साठीला सोडली तरी उपयोग होतो. दुसरे, अंग हलते ठेवणे. २०१८ साली इंग्लंडमध्ये ५५ ते ७९ वयाच्या १२५ जणांची तपासणी झाली. हे लोक आयुष्यभर लांब पल्ल्याची सायकल चालवणारे. त्यांच्या थायमस ग्रंथीतून निघणाऱ्या नव्या टी पेशी तरुणांच्या बरोबरीच्या आढळल्या. व्यायामाने कर्करोग टळतोच असे त्याने सिद्ध होत नाही, पण राखणदार टिकतात असे दिसते. आपल्या म्हाताऱ्यांना सायकल नको. शेताच्या बांधापर्यंत रोजची फेरी पुरे. "बसा हो आबा, तुम्ही काही करू नका," हा लाड फार करू नये. तिसरे, म्हाताऱ्या माणसाच्या ताटात डाळ, उसळ, दूध, जमेल तर अंडे हवे. उरलेल्या भाकरीवर आणि कोरड्यासावर त्याला ठेवू नये. पोट भरले तरी त्याने ताकद येत नाही.

शिक्षक मित्रांनो, तुमच्याकडे एक सोपा उपाय आहे. वर्गात पेशींचा धडा येतो तेव्हा ही राखणदारांची गोष्ट मुलांना सांगा, आणि घरी जाऊन आजी-आजोबांना ती सांगायला लावा. नातवाचे बोलणे म्हातारी माणसे डॉक्टरांपेक्षा अधिक मनावर घेतात.

म्हातारपण कोणाला चुकले नाही, आणि म्हातारपणी शरीराची राखण ढिली होते हेही खरे. शेतातला जागल्या थकला, तर शहाणा शेतकरी शेत वाऱ्यावर सोडत नाही; घरातले दुसरे कोणीतरी उठून एक फेरी मारून येते. आपल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत ती फेरी मारण्याची पाळी आता आपली आहे.